ओट्यावरचा माणूस

मी, पुनम जितेंद्र पाटील, वय २८ वर्षे, धंदा चित्रकाम व घरकाम, रा. यावल रस्ता, चोपडा, जि. जळगाव, माहेर एरंडोल. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून पुरवणी जबाब देते की,

मी वरील ठिकाणी सासरे उखर्डू नथ्थू पाटील व सासू झुंबरबाई यांच्यासह राहते. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. घरची केळीची शेती आहे. माझे पती जितेंद्र हे गेल्या पावसाळ्यात जळगावहून मोटारसायकलने परत येताना डंपरची धडक बसून जागीच मयत झाले. कॉम्प्युटरवर चित्र काढायचा पेन बिघडला होता, तो नवीन आणायला ते गेले होते.

माझे पती कॉम्प्युटर गेमसाठी चित्रे काढत. त्या गेममध्ये खेळणारा गावात फिरतो, लोकांशी बोलतो, कोडी सोडवतो. त्याच्या मागे दिसणारी गल्ली, बाजार, मळा एवढेच पतींचे काम असे. चित्रे जुन्या काळच्या गेमसारखी, चौकोनी ठिपक्यांची असत. एकेक ठिपका हाताने भरावा लागतो व रंग मोजकेच वापरायचे असतात. सोळा रंगांत केळीची सावली कशी दाखवायची, ते त्यांनी मला शिकवले होते. गेमचे बाकीचे काम नाशिकच्या मोनाली करतात. पती गेल्यावर, राहिलेली चित्रे मी पूर्ण करीन असे मी त्यांना कळवले व त्यांनी होकार दिला.

शेवटचे चित्र आमच्याच घराचे होते. पतींनी भिंत, दार, कडुनिंब असे काढून ठेवले होते. ओटा रिकामा होता. मी ओट्यावर पतींना बसवले. पाय खाली सोडलेले, हातात कप. ते रोज तसेच बसत. चेहरा म्हणजे सात-आठ ठिपके, पण घरच्या माणसाला ओळखू येत होता.

मागच्या रविवारी दुपारी आबा पाणी प्यायला आत आले व माझ्या पाठीमागे उभे राहिले. ते त्या खोलीत सहसा येत नाहीत. त्यांनी विचारले, "हाऊ कोन शे?"

मी पतींबद्दल म्हणाले, "आबा, ते शेतस."

ते खुर्ची ओढून बसले व म्हणाले, "हालत नही का हाऊ?"

मी सांगितले, "नही आबा. मांगलं चित्र हालत नही. खेळणारा तेवढा हालस."

ते पाण्याचा तांब्या तसाच ठेवून शेतात गेले.

सोमवारी मी बाजारातून परत आले तेव्हा कॉम्प्युटर, त्याचा पडदा व पेन जागेवर नव्हते. कडीकोयंडा शाबूत होता. सासू कीर्तनाला गेल्या होत्या. चोरी झाली असे समजून मी त्याच दिवशी तक्रार दिली. तक्रार लिहून घेतली जात असताना आबा माझ्याशेजारी बाकावर बसून होते.

काल आमचे सालदार छगन यांनी शेतातल्या विहिरीत कपारीला काळी वायर अडकलेली पाहून मला निरोप दिला. पोलिसांनी पंचांसमक्ष दोर टाकून सर्व सामान वर काढले. ते आमचेच आहे, मी ओळखले. पडद्यातून बराच वेळ पाणी गळत होते. तेव्हा आबा पंचांसमोर आपण होऊन म्हणाले, "मीच टाकं. या डबानी मना पोऱ्या खादा. आते तठे नुसता बसाडी ठेयेल शे. माले देखाये नही." मुलाला तिथे नुसते बसवून ठेवलेले त्यांना बघवत नव्हते.

आतल्या डिस्कमधून काही निघणार नाही असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले आहे. आधीची सर्व चित्रे मोनाली यांच्याकडे आहेत. ओट्याचे चित्र दुसरीकडे कुठेही नाही. पुरे झाल्याशिवाय चित्र पाठवायचे नाही ही पतींची पद्धत होती, तीच मी चालू ठेवली होती.

माझी आबांविरुद्ध तक्रार नाही. आधीची तक्रारही पुढे चालवायची नाही. सामानाची किंमत काय लिहू असे साहेबांनी विचारले, ती जागा मी कोरी ठेवायला सांगितली.

आज ठाण्यात येताना आबा माझ्यासोबत रिक्षाने आले. बाहेर बाकावर त्यांनी मला विचारले, "बेटा, तुले परत काढाले जमी का? तसाच?"

मी "जमी, आबा" असे सांगितले. जमेल की नाही ते मला माहीत नाही. कप कोणत्या हातात होता ते मला आत्ता आठवत नाही.

हा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. एके ठिकाणी "खेळणी" लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून "चित्रे" असे दुरुस्त केले. बाकी मी बोलले तसेच आहे, म्हणून सही करते.

समक्ष
(सही) पुनम जितेंद्र पाटील