वस्तीची गाडी

अगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीसाठी रांग लागली होती. माझ्या पुढं एका स्कूटरवर वयस्क नवरा-बायको बसले होते.

“निघालो तुझे डोळे तपासायला अलिबागला, आन् आलो कुठं.”

“डॉक्टर न्हाय म्हणून लगेच घरी जाऊन काय करायचं? ऊन बरं पडलंय. मला तुमचं दिघी बघायचंय.”

“दिघीत काय हाय बघण्यासारखं?”

“वीस वर्षं वस्तीची एसटी घेऊन तिथं राहायचात. झोपायचात कुठं?”

“गाडीतच, मागच्या शिटावर.”

“आन् जेवण?”

“थांब्यावर डबा ठेवलेला असायचा. भाकरी आन् सुकटीचं कालवण.”

“कोण ठेवायचं?”

“गावातली एक बाई. मनुबाई नाव, एवढं कंडक्टरनं सांगितलं होतं.”

“दिसायला कशी?”

“कधी बघितलीच न्हाय. आम्ही पोचेस्तोवर गाव झोपलेलं, आन् उजाडायच्या आत गाडी सुटायची. डबा घासून तिथंच ठेवायचो.”

“वीस वर्षं तिच्या हातचं जेवलात, आन् तोंड बघितलं न्हाय?”

“न्हाय.”

“का ठेवते, ते तरी विचारायचं.”

“कोणाला विचारणार? बोटीला वेळ हाय, आपला डबा काढ. भूक लागली.”

“त्याला हात लावू नका. तो थांब्यावर ठेवायचाय.”

“अगं, मला रिटायर होऊन बारा वर्षं झाली. ती असंल का आता?”

“आपण लांब जाऊन बसू. डबा घासून परत ठेवलेला दिसला, की समजायचं, हाय.”