बंबात टाकलेली जोडी

हसू नगा गड्यांनो, त्या मोबाईलच्या गेमनं माझा लय घात केला.

गेम साधी. शेगडीत वस्तू जाळायच्या. कोडं वाचून बरोबर दोन वस्तू एकत्र जाळल्या की घंटी वाजती. आय गेल्यापास्नं आमचं आप्पा कुणाशी बोलत न्हवतं, म्हणून मीच त्यांना शिकिवली.

एका कोड्यात नुसतं ‘वाट बघणं’ एवढंच लिवलेलं. मी अडलो. आप्पा म्हणालं, “चप्पल आन् पत्र टाक.” टाकलं, तर घंटी वाजली! आय गेल्यावर पयल्यांदाच आप्पा हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या पाण्याला गेलो, तर आप्पा बंबाफुडं उकिडवं बसलेलं. आत आयच्या चपला जळत हुत्या, आन् मिल्ट्रीत असताना आप्पांनी तिला धाडलेली सगळी पत्रं.

मी वरडलो, “आवं आप्पा, ह्ये काय केलंसा?”

“गप रं. ऐकू दे जरा.”

पाणी उकळलं, बंब इझला, तरी माणूस जागचा हालंना. मग माझ्याकडं बघून म्हणालं, “जोडी तर बरोबर टाकली हुती रं. घंटी का वाजंना?”