पांढऱ्या केसांचा हिरो

वडशाच्या बसस्टँडवर पुनम पुढे बघत उभी होती, पण तिचे कान मागच्या दोघींकडे होते.

"भागीरथाबाई, तुमच्या गुणवंतभाऊचे केस एकदम पांढरे दिसून राह्यले?"

"डायमधल्या त्या पीपीडी केमिकलनं तोंड सुजलं त्यायचं. डॉक्टरनं डाय बंदच केला."

"मंग नाटकात हिरो कोण?"

"कंपनीचा मॅनेजर म्हणे, काळ्या केसाचा टोप घाला. हे म्हणे, टोप नाई घालत, बापाचा पार्ट द्या. पोरीच्या बिदाईचं गाणं असं म्हटलं, का मंडपानं वन्समोर घेतला."

"हिरोपण गेलं, तुमाले वाईट नाई वाटलं?"

"काऊन वाटन? इतके वर्षं ते स्टेजवर दुसरीसंग नाचे, मी मागं लपून बसो. आता पह्यल्या रांगेत बसतो अन् बाजूवालीले सांगतो, तो बाप दिसते ना, तो माहा नवरा होय."