रूटचा मान

(पांडेसरा. समाज मंडळाचं ऑफिस, सकाळ. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडूचा जाड हार.)

हिलालआप्पा : एकच चावी कशी चालेल रे योगराज? एवढी मोठी कमिटी आपली!

योगराज : आप्पा, तो हार काढा आधी. हवेची जाळी बंद झालीय, डबा तापून राहिलाय.

हिलालआप्पा : पूजेचा हार आहे, असा मधेच नाही काढत. तू चावीचं बोल. काल मी वेबसाइटच्या आत जायला गेलो, तर मला म्हणतो परमिशन नाही. मला! मंडळाच्या अध्यक्षाला!

योगराज : मीच बंद केलं. आता पासवर्ड टाकून कोणीच आत जाणार नाही. मी चावीची फाइल बनवलीय. ती ज्याच्याकडे, तोच आत.

हिलालआप्पा : पण तूच बोलला होता ना, कॉम्प्युटर चालवणारं हे लिनक्स का काय ते फुकट आहे, साऱ्या जगाला उघडं आहे? मग आता कुलूप कशाला?

योगराज : बनवायची रीत उघडी आहे. शेवभाजी कशी करतात ते सगळ्यांना माहितीय ना? म्हणून कोणी तुमच्या स्वयंपाकघरात घुसतं का?

हिलालआप्पा : भटू घुसतो.

योगराज : भटूनानांचं सोडा, उपाध्यक्ष आहेत ते!

रंजना : आप्पा, येऊ का आत? मी उखाभाऊंची रंजना.

हिलालआप्पा : ये माय, ये. वधू-वरच्या वेबसाइटवर बायोडाटा टाकायचाय?

रंजना : टाकलाय. काढायला आलीय.

हिलालआप्पा : जमलं का लग्न?

रंजना : कसलं जमलं! कुठून कुठून माणसं फोन करतात. माझी उंची सांगतात, जन्मवेळ सांगतात, मामाचं गावसुद्धा सांगतात. पप्पा बोलले, तूच दिला असशील कोणाला नंबर. माझा फोन घेतला, कामावर जायचं बंद केलं.

योगराज : कुठे कामाला आहे तू?

रंजना : कडोदऱ्याला. एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये, कॉम्प्युटरवर डिझाइन बनवते. शेठ बोललाय, सोमवारी आली तर आली, नाही तर दुसरी ठेवतो.

हिलालआप्पा : अगं, फोन येतात म्हणजे चांगलंच ना! स्थळंच असतील.

रंजना : स्थळं पहिल्याच फोनवर व्हिडिओ कॉल कर म्हणतात का आप्पा?

योगराज : घ्या. हेच मी सांगून राहिलोय कालपासून. परवा कोणीतरी तुमच्या नावानं आत आलं आणि सगळ्या पोरींचे बायोडाटे उचलून घेऊन गेलं. इथं स्क्रीनवर लिहून आलंय बघा.

हिलालआप्पा : माझ्या नावानं? मी तर परवा शहाद्याला होतो, साखरपुड्याला!

योगराज : तुम्ही होते शहाद्याला. पासवर्ड इथंच होता. कोणाकोणाला दिलाय?

हिलालआप्पा : कमिटीला.

योगराज : अजून?

हिलालआप्पा : महिला मंडळाला. युवा मंडळाला. भजनी मंडळ नाराज झालं, मग त्यांनाही.

योगराज : अजून?

हिलालआप्पा : तुला आपल्या लोकांचं माहीत नाही का? पत्रिकेत एक नाव सुटलं तर आख्खं घर जेवायला येत नाही. मांडवात नवरदेव उभा, आणि आपण याच्या-त्याच्या दारात हात जोडून उभे. म्हणून मग बॅनरवरच टाकून दिला.

योगराज : कोणत्या बॅनरवर?

हिलालआप्पा : उद्याच्या उद्घाटनाच्या. चौकात लागलाय तो मोठा.

रंजना : खरंच छापलाय. मी रिक्षातून वाचला. भटूनानांच्या फोटोखाली आहे, जाड अक्षरात. मला वाटलं नानांचं घोषवाक्य असेल.

योगराज : आप्पा! तुमचं डोकं... जाऊ द्या, मोठे आहात.

हिलालआप्पा : ओरडू नको. कोणी रुसलं का? नाही ना रुसलं!

रंजना : आप्पा, तुमच्या पोरीचं, वर्षाताईचं नाव दिसलं नाही वेबसाइटवर. तिचं पण बघताय ना तुम्ही?

हिलालआप्पा : तिचा... तिचा फोटो अजून चांगला निघाला नाही.

योगराज : असं करू, वेबसाइटच बंद करतो.

हिलालआप्पा : ए! उद्या नगरसेवक येतोय फीत कापायला. बंद पडलेल्या डब्याची फीत कापणार का तो?

योगराज : मग मी सांगतो तसं करा. नंबर आणि फोटो आत ठेवायचे. बाहेरून फक्त नाव, गाव, शिक्षण दिसेल. ज्याला पुढं बोलायचंय त्यानं मंडळाला फोन करावा. आणि आत एकच माणूस जाणार. रूट.

हिलालआप्पा : हे रूट म्हणजे काय पद आहे?

योगराज : सगळ्यात वरचं. तो काही पण करू शकतो.

हिलालआप्पा : अध्यक्षाच्या वर?

योगराज : कॉम्प्युटरमध्ये हो.

हिलालआप्पा : मग ते मला लागेल. भटू उपाध्यक्ष, त्याला उपरूट कर. आणि माजी अध्यक्षांना मानद रूट. नुसतं नाव, अधिकार नको.

योगराज : असं नसतं आप्पा! जेवढे घुसणारे, तेवढी दारं. एकच!

हिलालआप्पा : एकच चावी घेऊन मी मरू का? मी घेतली तर भटू म्हणेल आप्पानं बळकावली. त्याला दिली तर कमिटीतलं वाल्मिकचं विरोधी पॅनल राजीनामा देईल.

योगराज : मग मी ठेवतो.

हिलालआप्पा : तू माझ्या गावचा. म्हणतील, अध्यक्षानं गावातल्या गावात वाटून घेतलं.

रंजना : मला द्या.

हिलालआप्पा : तुला?

रंजना : मी कमिटीत नाही. महिला मंडळात पण नाही. मला दिली तर कोण रुसेल?

हिलालआप्पा : थांब, थांब. पोरीला दिली... म्हणजे कोणालाच दिली नाही! वा! भटू पण काही बोलणार नाही, त्याचा मान कुठे गेला?

योगराज : तिला कॉम्प्युटर येतो ते बघा ना, ते सोडून...

हिलालआप्पा : ते तू बघ. मी मानाचं बघतो. फक्त उद्या स्टेजवर चावी माझ्या हातात दिसली पाहिजे. पुठ्ठ्याची एक मोठी करून घेतो, सोनेरी.

रंजना : माझी एक अट आहे. आत्ता पप्पांना फोन लावा. सांगा, नंबर मी नाही दिला, मंडळाकडून गेला.

हिलालआप्पा : मंडळाकडून कसं म्हणू? उद्या कार्यक्रम आहे गं!

रंजना : मग ठेवा तुमची चावी. बॅनर आहेच चौकात, पप्पांना तोच दाखवते.

योगराज : लावा आप्पा फोन. नाही तर मी स्टेजवर माईक घेऊन सांगेन.

हिलालआप्पा : लावतो, लावतो. दोघं मिळून डोक्यावर बसू नका... हॅलो, उखाभाऊ? हिलाल बोलतोय. राम राम. नाही, वर्गणीसाठी नाही. तुमच्या रंजनाचं... ऐका तर. तिनं कोणाला नंबर दिलेला नाही. ती कॉम्प्युटरची... 

रंजना : आप्पा.

हिलालआप्पा : आमच्याकडून गेला भाऊ. माझ्याकडून. पोरीची काही चूक नाही. हां. सोमवारी जाऊ द्या तिला. हो, मी बोलतोय ना, माझी जबाबदारी... एक मिनिट. ए रंजना, लक्ष आहे का? तिकडं कॉम्प्युटरवर बसून काय टाइप करून राहिलीस? तुझे पप्पा विचारतात, पोरगी घरात नाही, कुठे गेलीय.

रंजना : सांगा, कामावर आहे.