निवृत्ती कासाराचा होन

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. भजन कुठं पळत नाही! मला आधी एका सवालाचं उत्तर द्या. जन्मभर जिवापाड जपलेली वस्तू माणसानं मोडावी कधी? नड आल्यावर? छे! नडीला सगळेच मोडतात. मी विचारतोय ते वेगळं. मान वाकवायची वेळ आली, तर काय मोडावं? वस्तू, की मान?

ऐका तर मग!

वाघेरी गावात निवृत्ती कासार राहायचा. जानाईदेवीच्या देवळालगत, देवस्थानच्याच जागेत त्याचं बांगड्यांचं दुकान. म्हाताऱ्याला नाद एकच, जुनी नाणी! कुणाला नांगरताना सापडलं, कुणाच्या उतरंडीत निघालं, की हा आपला हजर. तांब्याच्या शिवराया होत्या गाडगंभर. आणि एक सोन्याचा होन! एवढासा, करंगळीच्या नखाएवढा. पण रोज तो बघितल्याशिवाय म्हाताऱ्याला चहा गोड लागायचा नाही. (हसताय काय? तुम्ही सकाळी उठून मोबाइल बघता, तो होन बघायचा!)

त्याची लेक सगुणा विधवा होऊन माहेरी आली. हात रिकामे. बाप दिवसभर गावाचे हात भरायचा, आणि संध्याकाळी त्याला भाकरी वाढायला यायचे ते हे रिकामे हात! घास उतरेल का हो? एक दिवस त्यानं विचारलं, "सगुणे, भरू का गं?" ती म्हणाली, "भरा की आबा. मला कवापासनं पायजेत." भरला! हिरवा चुडा, कोपरापर्यंत!

झालं! गावात बोंब. देवस्थानचे पंच दौलतराव दुकानात आले. "निवृत्ती, पोरीची काकणं उतरव. न्हायतर जागा खाली कर." आणि मग हळूच, मिशीतल्या मिशीत, "न्हाय तर असं कर. तो होन देवीला वाहा. काचंच्या पेटीत ठिऊ, खाली आमचं नाव टाकू. मग पोरीचं आमी बघून न बघितल्यासारखं करू."

बघा मंडळी! पाप म्हणायचं, आणि त्याचा भावही सांगायचा!

म्हातारा उठला. "जागा तुमची हाय, घ्या. लेक माझी हाय. आन् जानाईला म्या दर नवरात्रात चुडा भरतो. तिनं मला कधी होन मागितला न्हाय!"

बोलला खरा. पण दुकान गेल्यावर खाणार काय? देवळाच्या दारासमोर, रस्त्यापलीकडं, एक गाळा विकाऊ होता. म्हाताऱ्यानं ठरवलं, शिवराया विकायच्या, होन ठेवायचा. गाडगं घेऊन गेला पुण्याला, नाण्यांच्या व्यापाऱ्याकडं. व्यापाऱ्यानं शिवराया ओतल्या आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही नाणी चकचकीत कुणी केली?"

कुणी केली! म्हाताऱ्याची बायको, बिचारी देवाघरी गेलेली. दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून नाणी घासायची, आरशासारखी! देवापुढं काळं नाणं कसं ठेवायचं? व्यापारी म्हणाला, "आजोबा, जुन्या नाण्याची किंमत त्याच्या काळेपणात असते. ही घासून घासून अक्षरंसुद्धा गेली. आता नुसत्या तांब्याचा भाव."

म्हातारा रडला नाही हो, हसला! "माझी कारभारीण लई स्वच्छ बाई व्हती." आणि मग हात कनवटीला गेला. होन निघाला. चिंचेनं सोन्याला काय होतंय? तो तसाच होता. पण त्याच्या एका अक्षरात कुंकू अडकलं होतं, तिच्या बोटाचं. व्यापारी ब्रश घेऊन पुसायला लागला, तसा म्हातारा ओरडला, "ऱ्हाऊ द्या! दोन पैसं कमी द्या, पर ते ऱ्हाऊ द्या!"

विकला. पाठ फिरवली ती फिरवलीच. एकदाही वळून बघितलं नाही.

नवरात्राची पहिली माळ. देवळासमोरच्या गाळ्यात दुकान उघडलं. दारात सगुणा, दोन्ही हात भरलेले. म्हातारा हाळी देतोय, "या गं बायांनो! आज काकणं फुकट! नवरा असलेलीनं या, नसलेलीनं आधी या!"

रस्त्यावर गर्दी, पण पाऊल कुणाचं पडेना. पलीकडून दौलतराव गरजले, "निवृत्ती! विधवेला काकणं भरतोस? लाज वाटत न्हाय?"

"दौलतराव, चाळीस वर्सं काकणं भरतोय. माप हाताचं घेत्यात, कपाळाचं न्हाय!"

एवढ्यात दौलतरावांच्या पाठीमागून कोण निघालं? त्यांची आई! गजराऊ! अठ्ठावीस वर्षं रिकाम्या हाताची म्हातारी! रस्ता ओलांडला, पाटावर बसली आणि हात पुढं केला. "आई!" दौलतराव ओरडले. तिनं मागं न बघता सांगितलं, "तुझ्या बापाच्या तेराव्याला तू पुरणपोळी खाल्लीस, दौलत. मी काकणं फोडली. आता गप ऱ्हा."

निवृत्तीनं तिचा हात दाबून बघितला. "माप सव्वादोन," म्हणाला, आणि हिरवा चुडा भरायला घेतला.

त्या दिवशी दुकान रिकामं झालं, मंडळी! आणि देवळातल्या आरतीला, म्हणतात, घंटेपेक्षा काकणांचा आवाज जास्त होता.

होन गेला. मान राहिली!

आता तुम्ही! माना खाली घालू नका, इकडं बघा! तुमच्या घरात आहे ना कुणी रिकाम्या हाताची? आई, बहीण, सून? तिला कधी विचारलंत, "भरू का?" अहो, तुम्हाला कुठं होन विकायचाय? एक शब्द विचारायचाय! तेवढाही जड जातो, आणि देवीपुढं मात्र खण-नारळ!

चला, उचला टाळ. आणि माउल्यांनो, टाळी तुम्हीही वाजवायची. मला त्यात काकणं ऐकू आली पाहिजेत. सगळ्यांची!