आईच्याच आवाजावरून पुसलेले आईचे नाव

घटना: मंगळवार, दि. ८ ऑगस्ट २०२३, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. अंधशाळेची संगणक खोली.

जबाब देणार: स्त्री, वय ६९, सेवानिवृत्त प्रोग्रामर, राहणार अंधशाळेमागची गल्ली, दुसरा मजला.

मी ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, माझी धाकटी बहीण या शाळेत शिक्षिका होती. मुलांना पडद्यावरचा मजकूर ऐकता यावा म्हणून आम्ही दोघींनी एक प्रोग्रॅम तयार केला. कोड माझा, आवाज तिचा. मागच्या खोलीच्या खिडकीला गादी लावून तिने एकेक अक्षर रेकॉर्ड केले. शेवटची जोडाक्षरे अंथरुणात, उशीला टेकून झाली. त्यांत धाप ऐकू येते. ती मी काढलेली नाही.

कोड आणि आवाज, दोन्ही आम्ही ओपन सोर्स लायसन्सखाली दिले. कोणीही घ्यावे, बदलावे, विकावेसुद्धा. अटी दोनच. आमची नावे आणि लायसन्सचा मजकूर काढायचा नाही; आणि ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला बदलांसकट कोडही द्यायचा, पुढे वाटायच्या मोकळिकीसह.

बहीण गेल्यावर तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सॉफ्टवेअर विकण्याच्या धंद्यात उतरला. त्याने विकण्याबद्दल माझी तक्रार नाही.

वरील वेळी तो मुख्याध्यापिकांना आपले 'नवे उत्पादन' दाखवत होता. त्यांनी मलाही बोलावले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. प्रोग्रॅम सुरू झाला आणि बोलला, "सर्व हक्क कंपनीकडे राखीव आहेत. नक्कल करणे गुन्हा आहे." आवाज माझ्या बहिणीचा. हे वाक्य ती जन्मात बोलली नव्हती; अक्षरे जोडून तयार केलेले आहे. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई आल्या?"

नंतर भाच्याने सांगितले की, शाळेतल्या जुन्या फुकट प्रती महिनाअखेर काढून टाका, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. मुलांचा सगळा अभ्यास त्या प्रतींवर चालतो.

मी त्याला प्रोग्रॅमची माहिती उघडायला लावली. दोघींची नावे नव्हती, लायसन्स नव्हते. कोड मागितला, तर तो कंपनीचे गुपित निघाला. मग मी अपूर्णांक वाचायला लावला. माझ्या कोडमध्ये तिथे एक जुनी चूक राहून गेली आहे; त्याचा प्रोग्रॅमही नेमका तिथेच, तसाच अडखळला. चोरलेल्या घरात निदान केर तरी काढावा.

व्हरांड्यात तो म्हणाला, "मावशी, ओपन सोर्स म्हणजे फुकट. आणि आवाज आईचा आहे, तिचा वारस मी."

"तिने सगळ्यांना दिलंय ते तिला स्वतःलासुद्धा परत मागता आलं नसतं," मी म्हटले. "तू कोण?"

आभारांत नाव घालतो, घरातले घरात मिटवू, असे तो पुढे म्हणाला. घरातले असते तर मी कान धरून मिटवले असते. हे त्याने बाजारात नेले आहे.

येथील साहेबांनी विचारले, "फुकट वाटलेली वस्तू चोरीला कशी जाते, बाई?" वस्तू फुकट वाटली आहे, बेवारस टाकलेली नाही. लायसन्स ही परवानगी आहे. अट मोडली की परवानगी संपली, आणि परवानगीवाचून विकणे हा कॉपीराइटचा भंग आहे. पोराच्या धंद्याचे नुकसान होईल, असेही साहेब म्हणाले. व्हावे.

त्याच्या जाहिरातीत ज्या ग्राहकांची नावे आहेत, त्या सगळ्यांना मी काल कळवले आहे की कोड मागणे हा तुमचा हक्क आहे, तो मागा. काल दिवसभर त्याला आलेले फोन माझ्यामुळे आले. हे त्याला ठाण्यामार्फत जरूर कळावे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'कौटुंबिक वाद' असे शब्द होते, ते मी खोडायला लावले. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे. गुन्हा नोंदवला की नाही, नसल्यास का नाही, हे ठाण्याने, आणि दोन्ही नावे जागेवर कधी येणार, कोड कधी खुला होणार, शाळेला दिलेली धमकी कधी मागे घेणार, हे भाच्याने, शुक्रवार, दि. १८ ऑगस्ट, सायंकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावे. फोन करू नये.