अर्धं झाकण

ताई : दार लाव आधी. बाहेर लोक चहा पितायत, त्यांना मध्यंतरात वेगळी करमणूक नको.

धाकटा : लावलं. आता सांग, पियानोचं झाकण अर्धं ठेवायला कोणी सांगितलं? सकाळी तालमीला पूर्ण उघडं होतं.

ताई : इथल्या माणसांना विचार.

धाकटा : विचारलं. ‘बाईंनी सांगितलं’ म्हणाले. व्हायोलिन घेऊन आलेली बाई इथे एकच आहे.

ताई : हॉल घुमतो रे. झाकण पूर्ण उघडं असलं की पियानोचा आवाज माझ्या अंगावर येतो.

धाकटा : अंगावर? पहिल्या भागात तू इतकी जोरात वाजवत होतीस की माझा पियानो मलाच ऐकू येत नव्हता. कागदावर ‘हळू’ लिहिलंय तिथेही तेच. मागच्या कार्यक्रमानंतर पेपरात आलंच होतं, ‘थोरल्या बहिणीने भावाला पार झाकून टाकलं’. तुला माझी साथ नकोशी झाली असेल तर तोंडाने सांग.

ताई : साथ? बाबांनी हा शब्द ऐकला असता तर कान उपटला असता तुझा. आपण दोघं वाजवतो. साथ कोणीच करत नाही.

धाकटा : विषय बदलू नकोस.

ताई : बरं, नाही बदलत. डावा हात दाखव.

धाकटा : कशाला?

ताई : करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. एकेक उचलून दाखव.

(धाकटा डावा हात कोटाच्या खिशात घालतो.)

ताई : राहू दे. बघायची गरज नाही, ऐकू येतं मला. खालचे स्वर गळतात तुझे. हिवाळ्यात एखादाच गळायचा, आता ओळीने गळतात.

धाकटा : तुला माहीत होतं?

ताई : लहानपणापासून तुझ्या डाव्या हातावर उभी राहून वाजवतेय मी. पायाखालची फरशी हलली तर पायाला कळणार नाही?

धाकटा : कोपरापाशी नस दबलीय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर कदाचित सुधारेल, नाही केलं तर बोटं जाणारच. आजचा कार्यक्रम झाला की सांगणार होतो.

ताई : आणि तोवर मी काय करायचं? तुझा स्वर गळेल तिथे मी जोर लावते. लोकांचे कान माझ्याकडे वळतात. आज म्हटलं झाकणही उतरवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धाकटा : म्हणजे लोक तुला आगाऊ म्हणतायत ते माझ्यापायी.

ताई : म्हणू देत. घरात तू गुणी आणि मी आगाऊ, ही वाटणी जुनीच आहे.

धाकटा : आणि मी बायकोला सांगत बसलो, ताईचं मन उडालंय, तिने दुसरा पियानोवाला बघितलाय.

ताई : ती काय म्हणाली?

धाकटा : म्हणाली, ताईंनाच विचारा की.

ताई : शहाणी आहे. तुला कशी मिळाली कोण जाणे.

व्यवस्थापक : येऊ का आत? पहिली घंटा दिलीय. बाई, झाकण आहे तसंच ठेवायचं ना?

ताई : जरा बाहेर थांबा, सांगते. हे बघ, मोठा सोनाटा आपण गाळू. छोट्या रचना वाजवू. माझा खांदा धरला म्हणून लोकांना सांगते मी.

धाकटा : पुन्हा तूच?

ताई : अरे, सोनाटाचा मधला भाग तू एकटाच सुरू करतोस. सगळं डाव्या हातात. मी तेव्हा गप्प उभी असते. तिथे काय झाकणार मी?

धाकटा : म्हणूनच तो वाजवायचाय. ऑपरेशननंतर हात येईल न येईल. आजचा शेवटचा ठरला, तर निदान मला तरी ऐकू यायला हवा.

ताई : स्वर गळतील.

धाकटा : गळू देत. आणि हळू लिहिलंय तिथे तू हळू वाजव.

ताई : वाजवेन. पण तू अडखळलास की माझा हात आपोआप जोर धरतो. भीती वाटते रे मला.

धाकटा : मलाही वाटते. पण आज आवर हात.

व्यवस्थापक : माफ करा, दुसरी घंटा द्यायची वेळ झाली. झाकणाचं काय करू, बाई?

ताई : मला नका विचारू. पियानो त्याचा आहे.

धाकटा : पूर्ण उघडा.

व्यवस्थापक : बरं. या तुम्ही सावकाश.

धाकटा : चल, ताई.

ताई : थांब. काढ तो हात खिशातून. गार पडलाय नुसता. दे इकडे, घंटा होईपर्यंत चोळून देते.